वरच्या मजल्यावरची खुर्ची

"भूकंप सोडायचा का, मॅडम?" यंत्रावरच्या बोडकेने विचारलं.

एकाच इमारतीखाली, हवा तेवढाच भूकंप सोडता यायला लागल्यापासून जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाचे नियम असेच तपासले जात. भरतीला आलेल्या इंजिनिअरने नियमाबरहुकूम इमारत मजबूत करायची आणि हादरा बसताना वरच्या मजल्यावर खुर्ची टाकून बसायचं. निवड करणाऱ्या देवयानी शेवाळे स्वतः अशाच बसून निवडल्या गेल्या होत्या, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा होता!

पण आजची उमेदवार मुक्ता हराळे या जुन्या शाळेत पाऊल टाकायला तयार नव्हती.

"घाबरलीस?"

"नाही, मॅडम. नियम मी शब्दन् शब्द पाळलेत. पण हा वरचा मजला नंतर चढवलाय, खालच्या भिंतींवर नुसता टेकलाय. त्याबद्दल नियमांत अवाक्षर नाही. तपासायचेत ते नियमच, म्हणून मी पदरचं काही घातलं नाही."

जमलेल्यांत कुणीतरी फिदीफिदी हसलं. देवयानीबाईंनी ओठ आवळून बोडकेला खूण केली.

खालचा मजला जागचा हलला नाही. वरचा मात्र सरकला आणि रिकाम्या खुर्चीसकट पटांगणात कोसळला.

धूळ बसली. देवयानीबाईंचा ऊर भरून आला होता. आत बसणारे त्यांनी खूप निवडले होते. नियमाला उघडं पाडणारी पोर आज पहिल्यांदा भेटली.

"उद्यापासून रुजू हो. चढवलेल्या मजल्याचा नियम तूच लिही."

"लिहिते. मग असलीच दुसरी शाळा द्या, मॅडम. मी वर बसते."

"बोडके," देवयानीबाई म्हणाल्या, "तेव्हा दोन खुर्च्या ठेवा."