वरचे बाबा, खालची आई

वाटणीत सासूबाई खालच्या मजल्यावर शलाकाकडे आल्या आणि सासरे वर थोरल्या दिरांकडे गेले. दोघंही देहानं कधीच गेले होते. मनं तेवढी दोन घरांच्या दोन नेटवर्कमध्ये जपलेली.

"हे बरे आहेत ना गं?" सासूबाई स्पीकरमधून रोज विचारायच्या.

बाळाला झोपवून शलाकानं जिन्यातून केबल वर नेली. जाऊबाईंनी, कुंदाताईंनी, ती गुपचूप त्यांच्या राउटरला जोडली. शलाकानं आपल्या राउटरला वरची वाट दाखवली. वरच्याला खालची वाट दाखवायला मात्र दिरांचा पासवर्ड हवा होता.

"ते कसले देतायत! खालचं वर येईल, वरचं खाली जायचं नाही," कुंदाताई म्हणाल्या.

ठरल्याप्रमाणे खाली सासूबाईंनी हाक मारली, "अहो, ऐकताय ना?"

वरच्या स्पीकरमधून सासरे गहिवरून म्हणाले, "अगं, ऐकतोय! बोल ना. किती दिवसांनी!"

शलाका धावत खाली आली. "आई, बाबांनी ऐकलं. ते बोलतायत तुमच्याशी."



"राहू दे, पोरी. माझ्या समाधानासाठी खोटं नको बोलूस. त्यांचा अबोला मला काय नवा आहे?"