भिंतीपलीकडचा पहिला नंबर

मुलांना कमीजास्त मार्क का पडतात, यावर संशोधन करणाऱ्या बाईंनी वर्गात फॉर्म वाटले. मी कायमची दुसरी. पहिली येणारी वैजयंती शाळेत माझ्याच बाकावर बसते आणि चाळीत आमच्या शेजारच्याच खोलीत राहते.

परीक्षेत ती पेपर हातानं झाकते. फॉर्म मात्र उघडा होता, म्हणून मी वाचला. क्लास नाही, टेबल नाही, आईवडील शिकलेले नाहीत. ‘अभ्यास कोण घेतं?’ यापुढे तिनं लिहिलं होतं, ‘शेजारच्या काकू त्यांच्या मुलीला शिकवतात. मी भिंतीला कान लावून ऐकते.’

संध्याकाळी आई नेहमीसारखी खड्या आवाजात इतिहास शिकवायला लागली.

“आई, हळू बोल.”

“अगं, मग ऐकू कसं येईल?”

“मला एकटीला आलं म्हणजे पुरे.”