झोपेची वही

“रात्री किती वेळा उठलात?” झोपेची वही पुढे ओढत डॉक्टरबाईंनी विचारलं.

“चारदा. आई घंटी वाजवते ना.”

ड्रायव्हर दोन महिने धड झोपला नव्हता. झोपेची किंमत ज्याची उडाली त्यालाच विचारावी. सिग्नलला बस उभी असताना त्याला डुलकी लागली होती आणि डेपोतल्या साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर कायमचे घरी बसा.

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यानेच तिच्या खाटेला सायकलची घंटी बसवली होती.

डॉक्टरबाई चाकाच्या खुर्चीतल्या आईकडे वळल्या. “आजी, रात्री घंटी वाजवता?”

आईने लेकाच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. “छे हो. मी तर ढाराढूर झोपते.”

आणि खरंच, तो धावत जाई तेव्हा ती डोळे मिटूनच असे. म्हणे, “मी नाही रे वाजवली. जा, झोप.”

डॉक्टरबाईंनी फॉर्मवर भराभर खुणा केल्या. काळजीचा आजार आहे, त्या म्हणाल्या. “गोळी नको, सवय मोडायची. घंटी ऐकू आली तरी उठायचं नाही. उठलात की भीतीला खतपाणी मिळतं.”

“आणि खरंच वाजली तर?”

“आजी सांगताहेत ना?”

आईने मान हलवली.

पहिले काही दिवस त्याच्या अगदी जिवावर आलं. घंटी वाजे, तो उशी डोक्यावर दाबून पडून राही. सकाळी आईचं अंथरूण ओलं असे. “वय झालं रे,” ती म्हणे. चादर बदलताना त्याला भडभडून येई. पण वहीतले तास वाढत गेले. तीन, चार, साडेपाच. साहेब म्हणाले, “आता कसे माणसात आलात.”

आज त्याने लिहिलं, ‘सात तास. दोन वाजता घंटीचा भास. उठलो नाही. लगेच झोप.’ इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं. चहा ठेवला. आईचं दार लोटलेलंच होतं. झोपू दे बिचारीला, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात कुणीतरी दार वाजवलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई होत्या, गळ्यात टेप, डोळे सुजलेले.

“काय हो, रात्री घरात सायकल शिकत होतात की काय? दोनपासून नुसती घंटी. पहाटे कुठे थांबली एकदाची.”