अकराशे डॉलरचं मुंडकं

"केवढ्याला पडलं हो भावजी?" पुरीचा तुकडा तसाच हातात धरून अनुयाने विचारलं. मान वर, नजर भिंतीवर.

भिंतीवर हरीण होतं. म्हणजे मानेपर्यंतचं. मोरेश्वरच्या टाकानिनी उपनगरातल्या नव्या घरात, टीव्हीच्या बरोबर वर, दहा टोकांची शिंगं आता छताला लागतात की काय अशी. आजचं जेवणच मुळी त्याच्यासाठी होतं. वर्षभर टॅक्सिडर्मिस्टकडे, म्हणजे मेलेली जनावरं भरून देणाऱ्याकडे, होतं, परवा तयार होऊन आलं, आणि मोरेश्वरने सगळ्यांना फोन केले. घर घेतलं तेव्हा या गृहस्थाने कुणाला चहालासुद्धा बोलावलं नव्हतं!

"अकराशे," मोरेश्वर म्हणाला. "जीएसटी वेगळा. आत पेंढाबिंढा नसतो वहिनी आता. फोम असतो. डोळे तेवढे काचेचे, ते बाहेरून मागवतात."

"अकराशेच? मला वाटलं, तीनेक हजार तरी लागले असतील."

समोर बसलेल्या दीनानाथच्या, म्हणजे अनुयाच्या नवऱ्याच्या, घशात श्रीखंड अडकलं. हे अकराशे त्याने आधीच ऐकले होते. मागच्या एप्रिलमध्ये, त्या टॅक्सिडर्मिस्टच्या दुकानात. आणि ऐकल्या ऐकल्या तिसाने गुणले होते. या देशात येऊन सात वर्षं झाली, पगार डॉलरमध्ये, घराचे हप्ते डॉलरमध्ये, पण खर्चाचा आकडा कानावर पडला की याचा गुणाकार सुरू. तेहेतीस हजार रुपये! एका मुंडक्याला! शिवाय अनुया घरात अंडंसुद्धा येऊ देत नाही, ती हे भिंतीवर लावू देणार? मुंडक्यासकट आपल्यालाही दारातून परत पाठवेल. "मला नको रे बाबा, तुला हवं तर तू घे," तो मोरेश्वरला म्हणाला होता. मोरेश्वरने लगेच कार्ड काढलं. फॉर्मवर शिकाऱ्याच्या नावाचा रकाना होता, तोही त्यानेच भरला. दीनानाथ तेव्हा नुसता हसला होता, मूर्खासारखा.

हरीण दीनानाथने मारलं होतं.

ऑफिसातल्या ग्रॅहॅमची बंदूक, ग्रॅहॅम खांद्याला खांदा लावून शेजारी, आणि मोरेश्वर मागे एका दगडावर बूट काढून पायाचे फोड बघत बसलेला. आयुष्यातली पहिली गोळी, आणि तीच लागली. घरी मात्र सांगितलं होतं, डोंगरात चालायला गेलो होतो. एकुलता एक साक्षीदार ग्रॅहॅम, तो आता पर्थला असतो.

"एकाच गोळीत?" अनुया विचारत होती.

"एकाच."

"बाई गं! भीती नाही वाटली?"

"तेव्हा काही वाटत नाही वहिनी. हात थरथरायला लागतात ते नंतर."

हे वाक्यसुद्धा दीनानाथचं होतं. परत येताना गाडीत तोच म्हणाला होता. चोराने वाक्यसुद्धा सोडलं नाही.

"तुला चालतं हे?" त्याने बायकोला विचारलं. "अंडं नाही चालत, आणि हे चालतं?"

"अंडं स्वयंपाकघरात येतं. हे हॉलमध्ये आहे," अनुया म्हणाली. "काय रुबाब आहे बघा तरी! नाहीतर आमच्याकडे. बाथरूममध्ये कोळी निघाला की हे मला हाका मारतात."

सगळे हसले. मोरेश्वरची बायको दमयंती तर पदराने डोळे पुसायला लागली. दीनानाथच्या अंगाचा तिळपापड झाला. मुंडकं गेलं खड्ड्यात. पण अनुयाची ती नजर! लग्नाला अठरा वर्षं झाली, तिने त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. ती त्याची होती, ती नजर. त्याने कमावलेली. आणि ती चालली होती मोरेश्वरकडे, पायाला फोड आलेल्या माणसाकडे.

अनुया उठून भिंतीजवळ गेली. खाली पितळी पट्टी होती. तिने ती मोठ्याने वाचली. मोरेश्वरचं नाव, दहा टोकं, एप्रिल २००६.

"नावसुद्धा कोरून देतात! आपल्या सोफ्याच्या वर छान दिसलं असतं हो. पण आधी कुणी मारायला नको का?"

"मी मारलंय ते," दीनानाथ म्हणाला.

आवाज जरा मोठाच निघाला. पुऱ्या वाढायला उठलेली दमयंती ताट घेऊन तशीच उभी राहिली. दीनानाथने मोरेश्वरकडे पाहिलं. आता बोल. बोल की लेका!

मोरेश्वरने तोंडातला घास सावकाश संपवला. पाणी प्यायला. मग दीनानाथला कोपरापासून हात जोडले.

"अगदी खरं. यानेच मारलं," तो म्हणाला. "मी फक्त पैसे दिले!"

असे हसले सगळे, की दमयंतीला ठसका लागला. सगळ्यात जास्त अनुया हसली. हसता हसताच तिने दीनानाथच्या ताटात एक पुरी टाकली आणि म्हणाली, "घ्या शिकारी, दमला असाल."

निघताना दारातून तिने वळून पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं. गाडी मोटरवेला लागल्यावर तिने गिअरवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला, अगदी मायेने.

"इतकं जळू नये हो," ती म्हणाली. "असते एकेकात धमक."