रिकाम्या पानावरचा बाण

दामू ओव्हाळने पुन्हा ‘रवी ओव्हाळ’ असं लिहिलं आणि पुन्हा तीच बाई पडद्यावर आली. निळी साडी, तळहातावर इवलासा बेडूक.

“सुलक्षणाबाई, माझ्या पोराच्या जागी ही कोण येऊन बसलीय? काढा हिला.”

नांदे गावच्या वाचनालयात संगणक एकच. तो शिकवणाऱ्या सुलक्षणाबाई निवृत्त शिक्षिका. मुलांना सांगावं तसं त्या प्रत्येकाला सावकाश सांगत. पण दामूपाशी वेळ नव्हता. त्याची बायको अनुसया पुण्याला दवाखान्यात होती. उद्या सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि “रवीला बघितल्याबिगर मी आत जायची न्हाई,” म्हणून ती अडून बसली होती. रवीचा जुना फोन बंद. त्याचे मित्र काही सांगेनात. बेडकांचा अभ्यास करणाऱ्या रवीचं नाव नेटवरच्या ज्ञानकोशात आहे, एवढंच कुणीतरी बोललं होतं.

“तुम्ही रवीच्याच पानावर गेलात, दामूभाऊ,” बाई म्हणाल्या. “पण ते पान रिकामं आहे. त्यावर फक्त एक बाण आहे. या नावाने कुणी आलं, तर त्याला या दुसऱ्या पानावर पोचवायचं. पुनर्निर्देशन म्हणतात त्याला. घर बदललेला माणूस जुन्या दारावर नवा पत्ता चिकटवून जातो ना, तसं.”

“आन् भलत्याच घराचा चिकटवला आसंल तर?”

“तसंही होतं कधी कधी. बघू या.” बाई वाचू लागल्या. “प्रियदर्शिनी ओव्हाळ. जन्म नांदे, तालुका मुळशी. आईचं नाव अनुसया.”

दामूने नजर खिडकीकडे वळवली.

“भलतं न्हाई,” तो म्हणाला. “फोटू आला तवाच वळखलं. तोंड अनुसयाचं हाय.”

रवी एकदा साडी नेसून त्याच्यासमोर उभा राहिला होता. आता मी मुलगी म्हणूनच जगणार, म्हणाला होता. नवं नावही सांगत होता. दामूने ते ऐकूनच घेतलं नाही. दंडाला धरून दाराबाहेर काढलं.

“ती काम करते त्या संस्थेचा नंबर खाली दिलाय. लावू?”

“कुठल्या तोंडानं बोलू? माझा आवाज ऐकला की ठिवून देणार. आन् तिकडं अनुसया...” त्याने खुर्ची मागे सरकवली.

बाईंनी त्या रिकाम्या पानाचा इतिहास उघडला. ज्ञानकोशात प्रत्येक बदल कुणी केला आणि कशासाठी केला, ते तिथे कायम राहतं. बाण लावला होता प्रियदर्शिनीनेच. पुढे कुणीतरी, हे पान आता कशाला हवं, काढून टाकू, असं सुचवलं होतं. त्याखाली तिचं उत्तर होतं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं.

“हे नाव मी सोडलं आहे. पण बाबा मला याच नावाने शोधतील. पान राहू द्या.”

बाईंनी फोन उचलला, तसा त्याने घाईने त्यांचा हात अडवला.

“थांबा, बाई. पयलं ते नवं नाव मला म्हणायला शिकवा.”