दहा किलो माती

हिमालयातल्या ट्रेकच्या गाईडनं कळवलं होतं, "पाठीवर दहा किलो घेऊन रोज डोंगर चढा." राजुऱ्याजवळ डोंगर कुठला! होता तो कोळशाच्या खाणीतून निघालेल्या मातीचा टेकडीएवढा ढिगारा. त्यातलीच माती सॅकमध्ये भरून संघप्रिया महिनाभर तो चढली. तिचे वडील बापूराव खाली घड्याळ धरून बसत. स्वतः मात्र एकदाही वर गेले नाहीत. त्यांचं गाव खाणीत गेलं, तेव्हा डंपर तेच चालवत होते. गावाखालची माती त्यांनीच इथं आणून ओतली होती. शेवटच्या दिवशी तिनं सॅक रिकामी केली. बापूरावांनी वाकून मूठभर माती उचलली, रुमालात बांधली आणि सॅकच्या कप्प्यात सारली. "बाबा, गाईड म्हणते, वजन कमी ठेवा." "एवढी राहू दे, माय." ढिगाऱ्याच्या माथ्याकडे पाहत ते म्हणाले, "गावाले इथवर मी चढवलं. आता पुढे तू ने."