नंबराची पट्टी

नवरा गेल्यापासून त्याची जुनी मोटार गॅरेजमध्ये गंजत पडली होती. एक दिवस धाकटा दीर आला आणि म्हणाला, "वहिनी, सांगाडा जाऊ दे भंगारात. मला फक्त इंजिनाजवळची नंबराची पट्टी द्या. मागाल ती किंमत देतो."

"नुसत्या पट्टीचं काय करणार, भाऊजी?"

"अशीच दुसरी एक गाडी मिळालीय, तिच्यावर ठोकू. तिला कागदपत्रं नाहीत."

"म्हणजे चोरीची आहे."

दीर हसला. "तुम्हाला कशाला नसती पंचाईत? दादा असता तर एका शब्दात दिली असती."

दादाने उभ्या हयातीत असल्या कामाला हात लावला नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण ती वाद घालत बसली नाही. तिने बॉनेट उघडलं, छिन्नीने चारही रिव्हेट उडवले, पट्टी नवऱ्याच्या ऐरणीवर ठेवली आणि शेवटचा आकडा पुसला जाईपर्यंत हातोडा चालवला.

मग तो चपटा पत्रा तिने दिराच्या हातावर ठेवला.



"न्या भाऊजी. तुमच्याकडून काय किंमत घ्यायची?"